फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि तीन मार्क

जूनचा पहिला पंधरवडा आला की फील्डमधल्या कुठल्याही पलटणीत सीओच्या टेबलावर दोन जातींचे कागद येऊ लागतात. पहिले पावसाळ्याचे : रेशनचा साठा, बंकरची छपरं, रस्ता तुटला तर काय करायचं. दुसरे पोरांच्या निकालाचे. ते रीतसर फायलीतून येत नाहीत. कुणी सलाम ठोकून झाल्यावर खिशातून मोबाइल काढतो, कुणी सुभेदार मेजर साहेबांकरवी निरोप धाडतो, कुणी रजेचा अर्ज घेऊन येतो आणि 'कारण' या रकान्यात 'मुलाचे ॲडमिशन' असं लिहिलेलं असतं. जुन्या फौजींना हे सांगायला नको. बाप चीनच्या हद्दीजवळ आणि ॲडमिशनची शेवटची तारीख साताऱ्यात, हे गणित प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेलं आहे.

त्या वर्षी आमची पलटण अरुणाचलात होती, लोहित खोऱ्याच्या तोंडाशी. माझ्याकडे आलेला कागद मात्र तिसऱ्याच जातीचा निघाला : एका हवालदाराचा फंडातून पैसे काढण्याचा अर्ज. रक्कम पंच्याहत्तर हजार, कारण 'मुलीचे शिक्षण'. असे अर्ज सहसा पुढे जातात. पण कंपनी कमांडरने त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती. कोर्स कुठला आणि संस्था कुठली, ते विचारून घ्यावं, अशी. म्हणून हवालदाराला इंटरव्ह्यूला बोलावलं.

"साहेब, पोरगी बारावी पास झालीया. त्रेसष्ट टक्के. तिला लॅबचं शिकायचंय. पर कालेजवाले म्हणत्यात, बसत न्हाई."

"त्रेसष्ट टक्के आणि बसत नाही? सायन्स ना?"

"सायन्सच, साहेब. बायलॉजी घेतल्यालं."

मी गुणपत्रिका मागितली. इंग्रजी, मराठी आणि भूगोलात पोरीने छान मार्क मिळवले होते. फिजिक्स ४४, केमिस्ट्री ५१, बायोलॉजी ५२. बेरीज १४७. तीनशेपैकी १४७ म्हणजे ४९ टक्के. घोडं इथे अडलं होतं. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'बारावी विज्ञान, ५० टक्के' एवढं ठळक आणि त्याखाली लहान अक्षरात 'फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून' असं छापलं होतं. एकूण टक्केवारी त्रेसष्ट असो की त्र्याऐंशी, हिशोब या तीन विषयांचाच. राखीव गटांना त्यात काही टक्क्यांची सवलत असते, पण हवालदाराने अर्ज खुल्या गटातून भरला होता. पोरगी तीन मार्कांनी बाहेर.

"मग हे पंच्याहत्तर हजार कुणाला?"

तालुक्याच्या गावी, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर एक संस्था होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. फलकावर 'डीएमएलटी' आणि त्याखाली 'दहावी पास, एक वर्ष, नोकरीची हमी, स्वतःची लॅब टाका'. मार्कांची अट नाही. चाळीस हजार आधी भरायचे, उरलेले दिवाळीनंतर. शनिवारपर्यंत पैसे भरले तर जागा पक्की.

हवालदार भोळा नव्हता. वीस वर्षं नोकरी झालेला, दोनदा काश्मीर करून आलेला माणूस. पण घरात घाई होती. पोरीच्या मामाने एक स्थळ आणलं होतं. मुलगा पुण्याला कंपनीत, जमीन चार एकर. आजी म्हणत होती, शिकायला मिळत असेल तर शिकू दे, नाहीतर एक वर्ष घरी बसवून काय करायचं? म्हणजे त्या तीन मार्कांच्या एका बाजूला प्रयोगशाळा होती आणि दुसऱ्या बाजूला मांडव. पंच्याहत्तर हजार रुपये हवालदार कोर्ससाठी देत नव्हता, पोरीचं एक वर्ष विकत घेत होता.

आता तिला लॅबच का हवी होती, ते सांगायला हवं.

आदल्या सप्टेंबरात हाच हवालदार तापाने फणफणला होता. आमच्या भागात पाऊस ओसरला की मलेरिया डोकं वर काढतो. एमआय रूममधल्या झटपट तपासणीत काही निघालं नाही. आरएमओने खालच्या फील्ड हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या प्रयोगशाळेत रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला, त्यातही काही नाही. तापही उतरला होता. कुणी म्हणालं, व्हायरल असेल, परत पाठवा. पण तिथला लॅबचा हवालदार हटून बसला. हा केरळचा, बोलायला कमी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याचं म्हणणं, एक काच निगेटिव्ह आली म्हणजे माणूस निगेटिव्ह होत नाही. परजीवी रक्तात वेळेप्रमाणे कमीजास्त दिसतो. बारा तासांनी पुन्हा पाहू. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने दुसरी काच केली आणि जाड थरात एकेक करून ठिकाणं पाहत गेला. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जेवढा गोल दिसतो त्यालाही 'फील्ड'च म्हणतात. किमान शंभर फील्ड पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही, हा नियम. त्याला बारीक अंगठ्या दिसल्या. फाल्सिपॅरम. हा मलेरिया मेंदूपर्यंत जाऊ शकतो. औषध त्याच सकाळी सुरू झालं आणि आठवड्याभरात आमचा हवालदार लंगरमध्ये भाकरी मागत होता.

ही हकिकत त्याने घरी फोनवर सांगितली, आणि सांगताना डॉक्टरपेक्षा त्या काच पाहणाऱ्या माणसाबद्दलच जास्त बोलला. पोरगी तेव्हा बारावीत होती. आतापर्यंत ती 'सायन्सला' होती, एवढंच. त्या दिवसापासून तिला ठाऊक झालं की सायन्स शिकून नेमकं कुठे बसायचं असतं.

म्हणून मी अर्जावर सही केली नाही आणि नकारही लिहिला नाही. "शनिवारला चार दिवस आहेत," म्हटलं, "मला तीन दिवस दे."

पहिला दिवस 'डीएमएलटी' या अक्षरांचा अर्थ लावण्यात गेला. हे एकच नाव वेगवेगळ्या दारांवर लावलेलं असतं. महाराष्ट्रात पूर्वापार जो डीएमएलटी लोकांना माहीत आहे, तो बऱ्याच ठिकाणी बीएस्सीनंतरचा : आधी केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा झूलॉजीची पदवी, मग हा डिप्लोमा. दुसरा बारावी सायन्सनंतरचा. तिसरा प्रकार दहावीनंतर घेणाऱ्यांचा. याशिवाय बारावीनंतरची पदवी : कुठे तिला बीएस्सी एमएलटी म्हणतात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात बीपीएमटी नावाखाली प्रयोगशाळेची शाखा आहे. नावं सारखी, पण प्रमाणपत्र देणारा कोण, यावर सगळं अवलंबून. विद्यापीठ किंवा सरकारी मंडळ देत असेल तर गोष्ट वेगळी. संस्थेचा मालकच स्वतःच्या सहीने देत असेल, तर तो कागद भिंतीवर लावायलाच बरा.

२०२१ साली संसदेने या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा केला. तोवर डॉक्टरांची, नर्सेसची, फार्मासिस्टची परिषद होती. प्रयोगशाळेत, एक्सरेवर, भूलविभागात काम करणाऱ्यांना देशपातळीवर असं छत्र नव्हतं. या कायद्याने डिप्लोमा किंवा पदवी घेऊन सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं, अशी अट घातली. त्यावरच्या पातळीला पदवी आणि किमान ३६०० तास. मी आमच्या हवालदाराला कागदावर हिशोब करून दाखवला. त्या संस्थेचा वर्ग रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, एक वर्ष. सगळे सणवार सोडून दिले तरी ५२० तास. उरलेले १४८० तास कुणाच्या रक्तावर शिकायचे?

आणि 'स्वतःची लॅब टाका'? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या अहवालावर नोंदणीकृत, पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञ तपासणी करतो, जबाबदारीने करतो, पण अहवाल त्याच्या एकट्याच्या सहीवर जात नाही. म्हणजे फलकावरच्या तीन आश्वासनांपैकी हे एक कायद्यातच बसत नव्हतं. फोनवर मी त्या संस्थाचालकाला दोनच प्रश्न विचारले : प्रमाणपत्र कोण देतं, आणि तुमच्या मुलांची राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? पहिल्याला उत्तर आलं, "आमचं आयएसओ आहे, सर." दुसऱ्याला फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी खाली हॉस्पिटलला कामासाठी जाणं झालं, तेव्हा मी लॅबमध्ये डोकावलो. त्या केरळच्या हवालदाराला विचारलं की ही अट खरंच गरजेची आहे का? काच पाहायला बायोलॉजी लागत असेल, समजतं. पण फिजिक्समध्ये ४४ मिळालेल्या पोरीला बाहेर का ठेवायचं?

माझ्या प्रश्नामागे एक फौजी तिरकसपणाही होता. एनडीएत आर्मीसाठी जायचं तर बारावी कुठल्याही शाखेची चालते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची अट नेव्ही आणि एअर फोर्ससाठी. लेखी परीक्षेत गणिताचे ३०० मार्क आहेत हे खरं, पण दारावर कुणी शाखा विचारत नाही. माझ्या स्क्वाड्रनमध्ये आर्ट्सची पोरं होती आणि त्यातली काही आज ब्रिगेड सांभाळतात. म्हणजे तोफ हातात द्यायला देश शाखा विचारत नाही, आणि पिपेट हातात द्यायला तीन विषयांची बेरीज करतो.

लॅबचा हवालदार हसला नाही. त्याने मला स्टुलावर बसवलं, काच लावली आणि शंभरपटीची लेन्स खाली आणली. "पाहा साहेब." धूसर. मग त्याने काचेवर तेलाचा एक थेंब टाकला आणि लेन्स त्यात बुडवली. रक्तपेशी लख्ख. "हे का झालं?" काचेतून हवेत जाताना प्रकाश वाकतो आणि लेन्सच्या बाहेर निसटतो. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्यामुळे तो न वाकता सरळ आत येतो. "बारावीचं फिजिक्स," तो म्हणाला. मग सेंट्रिफ्यूजकडे बोट. फेरे दुप्पट केले तर नळीतल्या रक्तावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो वेळ वाचवायला वेग वाढवतो आणि रक्तपेशी फोडून बसतो. मग पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर नसलेल्या रोगाच्या मागे लागतो. साखर मोजायचं यंत्र म्हणजे द्रवातून किती प्रकाश गिळला जातो याचं मोजमाप. तेही फिजिक्सच.

केमिस्ट्री तर पावलोपावली. काचेवर घालायचा रंग ज्या पाण्यात पातळ करायचा त्याचा पीएच ७.२ च्या आसपास हवा. पाणी आम्लाकडे झुकलं की सगळं गुलाबी होतं आणि परजीवीचा केंद्रबिंदू नीट उठून दिसत नाही. "आपल्या टाकीचं पाणी पावसात बदलतं," तो म्हणाला. "मी रोज सकाळी तपासतो. यंत्र सांगत नाही, आपल्याला सुचायला लागतं."

तो स्वतः कसा आला, तेही मी विचारलं. गावच्या शाळेतून बारावी, मग भरती. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती व्हायचं तर सैन्यातही हीच मोजपट्टी आहे : बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी, एकूण किमान ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४०. त्यानंतर लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरला ट्रेनिंग, आणि मग पुढे लॅब. "माझे केमिस्ट्रीत ४२ होते," तो म्हणाला. "म्हणून मी ती दोनदा शिकलो. एकदा पास व्हायला, एकदा लखनौला."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला मुळकोवाल आठवलं. मुंबईतल्या परळची हाफकिन संस्था आपल्याला माहीत असते. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातल्या मुळकोवाल गावी लसीकरणात एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांची नोकरी गेली, नाव गेलं. पुढे बारकाईने पाहिलं तेव्हा गोष्ट मुळकोवालच्या टेबलावर येऊन थांबली : बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांच्यावरचं बालंट दूर झालं. हे रॉस म्हणजे १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे, फौजेच्याच वैद्यकीय सेवेतले.

चिमटा पडला, ही गोष्ट माहीत होती. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि नुसतं बुडवून काढल्याने ते मरत नाहीत, एवढं बायोलॉजी त्या क्षणी त्या हाताला ठाऊक असतं तर १९ माणसं वाचली असती. पात्रतेची अट अशा हातासाठी असते. बंदुकीसमोर जो उभा असतो त्याला निदान बंदूक दिसते. प्रयोगशाळेत चूक झाली तर ती रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही नाही. कागदावर नुसता एक आकडा येतो आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात.

तिसऱ्या दिवशी हवालदाराला बोलावलं. सुभेदार मेजर साहेबही होते. स्पीकर लावून पोरीला फोन केला. आवाज बारीक, पण घाबरलेला नव्हता.

"सर, मला एवढंच सांगा, तीन मार्कांसाठी ते खरंच घेत नाहीत?"

"नाही घेणार, बाळ. आणि घेऊ नये, असं मला वाटतं. पण रस्ते आहेत." मग रस्ते सांगितले. एक, बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची. ती हाती आली की मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, आणि त्याला थोडेच दिवस मिळतात. दोन, श्रेणीसुधार : पास झालेल्या विद्यार्थ्यालाही मार्क वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येतं, आणि जुलैची पुरवणी परीक्षा समोरच होती. कुणाचं बायोलॉजीच सुटलं असेल तर एनआयओएसमधून तो एक विषय वेगळा देण्याची वाट आहे. मात्र ज्या कॉलेजात जायचं ते तो मानतं का, हे आधी लेखी विचारून घ्यायचं. तिला त्याची गरज नव्हती.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मग मी परत बसते. पण बाबांना सांगा, मामाला सांगायला."

सुभेदार मेजर साहेबांनी फोन घेतला. "पोरी, तुझ्या मामाला मी सांगतो," ते म्हणाले. त्यांनी काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. एवढंच कळलं की मामाने दिवाळीपर्यंत विषय काढला नाही.

फंडाचा अर्ज हवालदाराने स्वतःहून परत घेतला. छायाप्रत आली. फिजिक्सच्या एका गणितात पायऱ्यांचा एक मार्क द्यायचा राहिला होता. पुनर्मूल्यांकनात तो मिळाला. १४८. अजून दोन कमी.

मग जुलैची तयारी. हवालदाराने मला न विचारताच हॉस्पिटलच्या लॅबला फोन लावला होता. केरळचा हवालदार रात्री ड्यूटी संपली की अर्धा तास तिला प्रकाशाचा धडा शिकवू लागला. त्याची हिंदी मल्याळी, तिची हिंदी माणदेशी, आणि मध्ये नेटवर्क लोहितच्या काठचं. एकदा दोन दिवस लाइन गेली, तेव्हा त्याने किरणाकृती कागदावर काढून फोटो धाडले. आमच्या कंपनीतल्या एका बीएस्सी झालेल्या शिपायाने केमिस्ट्रीचं जबाबदारीने घेतलं. बापाला या सगळ्यात काही कळत नव्हतं. तो फोन धरून उभा राहायचा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर यायची.

निकाल लागला. फिजिक्स ५८, केमिस्ट्री ५९, बायोलॉजी ६६. बेरीज १८३, म्हणजे ६१ टक्के. शेवटच्या फेरीत जिल्ह्याच्या गावी एका मान्यताप्राप्त कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. फी त्या मोबाइलच्या दुकानावरच्या संस्थेपेक्षा फार कमी नव्हती. पण ती चार वर्षांत विभागलेली होती, पावतीसकट.

ज्यांच्या घरात या वर्षी असं कुणी आहे त्यांच्यासाठी, विशेषतः निवृत्त होऊन गावी परतलेल्या आणि आता नातवंडांच्या ॲडमिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या जुन्या साथींसाठी, थोडं सरळ लिहितो. अकरावीला सायन्स घेताना पोराला नुसतं विचारू नका की इंजिनीअरिंग की डॉक्टर. प्रयोगशाळा, एक्सरे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर या सगळ्या वाटा बहुतेक ठिकाणी बायोलॉजीच्या दारातून जातात. ती सोडायची असेल तर कळून सोडा. गुणपत्रिका हातात आली की एकूण टक्के आधी पाहू नका, तीन विषयांची बेरीज करा. माहितीपुस्तिकेतली बारीक अक्षरं जाड अक्षरांआधी वाचा. प्रमाणपत्र कोण देणार, विद्यापीठ की मालक, ते विचारा. किती तास, किती महिने आणि प्रत्यक्ष रुग्णालयात किती, हे विचारा. आणि 'शनिवारपर्यंत पैसे भरा' असं कुणी म्हटलं तर शनिवार जाऊ द्या.

एक वर्ष वाया जाईल, ही भीती आपल्या घरांत फार मोठी असते, मुलींच्या बाबतीत जास्तच. आपण फौजी मात्र वर्षं वेगळी मोजतो. दोन वर्षं सियाचिनला, तीन वर्षं पीसला, अडीच वर्षं पूर्वेला. त्यातलं कुठलंच वाया गेलं असं आपण म्हणत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी काहीतरी हाताला लागलेलं असतं. पोरीने जुलैत जे फिजिक्स पुन्हा शिकलं ते पुढे उपयोगी पडणारच आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिने हॉस्पिटलच्या लॅबला फोन केला. केरळच्या हवालदाराने ते मला नंतर सांगितलं. जरा नाराज होती. सूक्ष्मदर्शकाला हातही लावू दिला नाही, दिवसभर नुसती नळ्यांवर लेबलं लिहायला लावली, म्हणाली. नाव, वय, नंबर, तारीख, वेळ. पुन्हा नाव, वय, नंबर.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, दोनशे लिहून झाल्यावर सगळी परत पहिल्यापासून वाच. एखादं चुकलेलं सापडेल."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी फोन आला, साहेब. एक सापडलं."